आधी पाणी चाखावं, मग गुलाब लावावा

गुलाबाचं झाड घ्यायला निघालो की आपण बायका आधी रंग बघतो. मग फुलाचा आकार, मग वास, आणि शेवटी भाव. हातगाडीवाल्याशी पाच-दहा रुपयांवरून घासाघीस होते, झाड घरी येतं, महिनाभर कौतुक करून घेतं आणि वैशाखात त्याची काडी होते. मग कुणी म्हणतं दृष्ट लागली. कुणी म्हणतं, हिच्या हाताला गुलाब लागतच नाही. हे दुसरं वाक्य तर मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आले आहे. हाताचा काही संबंध नसतो हो! संबंध असतो पाण्याचा, आणि पाणी काही कुणी माहेरून आणत नाही.

माझं माहेर बुलढाण्याचं, सासर शेगावचं. जिल्हा एकच, पण आमच्याकडे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन निराळे मुलूखच आहेत म्हणा ना. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, तर शेगाव तीनशेच्याही आत. बोथ्याचा घाट उतरून एस.टी. खामगावच्या रस्त्याला लागली की खिडकीतून येणारं वारंच बदलतं. मे महिन्यात तर दोन्हींच्या उन्हात सहज चार अंशांचा फरक. माणसं सांभाळून घेतात, गुलाब घेत नाही.

आईच्या अंगणात गुलाब तीनच होते. फाटकाशी ‘क्वीन एलिझाबेथ’, माणसापेक्षा उंच वाढलेला, फिक्या गुलाबी फुलांचा. अमेरिकेत तयार झालेली ही जात १९५४ साली बाजारात आली आणि इंग्लंडच्या नव्या राणीचं नाव तिला मिळालं. आई तिला नुसतं ‘राणी’ म्हणायची. खिडकीखाली शेंदरी ‘सुपरस्टार’, बाबांनी अकोल्याच्या रोपवाटिकेतून आणलेला. आणि मोरीच्या मागे गावठी. त्याला नाव नाही, गाव नाही. फूल लहान, गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या. दुपारपर्यंत गळूनही जायच्या. पण सकाळी मोरीचं दार उघडलं की वास आत यायचा. आमच्या घरचा गुलकंद याच झाडाचा. फुलांच्या पाकळ्या, तेवढीच खडीसाखर, काचेच्या बरणीत थरावर थर आणि तीनेक आठवडे ऊन. उन्हाळ्यात नाकातून रक्त यायचं तेव्हा आई चमचाभर जिभेवर ठेवायची.

१९९६ साली माझं लग्न झालं. त्यानंतर दर भाऊबीजेला निघताना आई गावठीच्या चार-पाच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायची. शेगावात त्या फुटायच्या, मार्गशीर्षात एखादं फूलही यायचं. होळीनंतर पानं कडेनं करपू लागायची आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत सगळं संपायचं. एकदा आई आठ दिवस राहायला आली होती. तिनं स्वतः उभं राहून खड्डा खणून घेतला, शेणखत घातलं, आपल्या हातानं झाड लावलं. तेही गेलं. तेव्हा सासूबाईंनी निदान केलं ते असं, “सूनबाई, तुह्या मायच्या झाडाले आमच्या इथलं पानी मानवत नाई वं.” त्या काही चिडून बोलल्या नव्हत्या, सहज बोलल्या. आणि शंभर टक्के खरं बोलल्या.

शेजारी कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी एक करपलेलं पान तोडून मला दाखवलं. म्हणाले, “हे उन्हाचं काम नाही. उन्हानं पान वरून, मधेच भाजतं. हे बघा, कडा जळत आत आल्यात, आणि तेही खालच्या जुन्या पानांच्या आधी. हे मीठ आहे.” मग त्यांनी झाडाच्या बुंध्याशी मातीवर आलेला पांढरा पापुद्रा नखानं खरवडून दाखवला.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा आपल्याकडच्या बायकांना वेगळा सांगायला नको. जमिनीखालचं पाणीच खारं. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतल्या कितीतरी घरांनी त्यापायी मूतखडा आणि मूत्रपिंडाची दुखणी पाहिली आहेत. गुलाबाची गोष्ट त्यापुढे किरकोळच. पण त्रास तोच. लिंबाच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? तसंच मुळांचं होतं. बाहेरच्या ओलीत मीठ जास्त झालं की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. माती ओली आणि झाड तहानलेलं! आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी तेच पाणी घालतो. जे थोडं वर चढतं त्यातलं पाणी पानातून उडून जातं, मीठ कडेला साचतं. फळझाडं-फुलझाडं पुष्कळ आहेत जी हे सोसतात. कण्हेर सोसते, बोगनवेल सोसते. गुलाब मात्र खाऱ्या पाण्याच्या बाबतीत फार नाजूक.

म्हणून मैत्रिणींनो, झाड घेण्याआधी पाणी बघा. त्याची पहिली परीक्षा स्वयंपाकघरातच होते. तुरीची डाळ शिजायला त्रास देते का? साबणाला फेस येतो का? चहाला मचूळ चव येते का? भांडी वाळल्यावर पांढरे डाग राहतात का? यातल्या डाळ, साबण आणि डागांवरून पाणी जड आहे, चुनखडीचं आहे एवढं कळतं. चव खारट लागली तर प्रकरण गुलाबाच्या पलीकडचं समजावं. अगदी नक्की हवं असेल तर माती आणि पाणी दोन्ही जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासून मिळतं. त्यात फार खर्च नाही. शंभर रुपयांची चार झाडं घालवण्यापेक्षा तो बरा.

घाटावर राहणाऱ्या भगिनींनी इथे हसून पान उलटू नये. तुमचं पाणी गोड असलं तरी जमीन आपली काळीच. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात तडकते, मुळांना दोन्ही नको. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे, वर माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू सारख्या भागात. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच. दोन झाडांत अडीच फूट. कलमाचा सांधा मातीच्या वर दोन बोटं राहिलाच पाहिजे, तो गाडला गेला की खुंट फोफावतो आणि वरचं झाड उपाशी मरतं. रोपवाटिकेच्या पिशवीत कधीकधी मुळांभोवती लालसर चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. ही झाडं लांबून, आंध्रातून नाहीतर बंगालमधून आलेली असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर दोन वर्षांनीही जसाच्या तसा निघतो, मुळं बाहेर पडतच नाहीत. लावण्याआधी बादलीभर पाण्यात बुडवून बोटांनी अलगद सैल करावा.

आता जातींविषयी. बाजारात लांब दांड्यावर एकच मोठं फूल असणारा गुलाब दिसतो तो ‘हायब्रीड टी’. घुबक्यानं पाच-दहा फुलं येतात तो ‘फ्लोरिबंडा’. बायकांचा जीव पहिल्यावर, आणि आपल्या उन्हात टिकतो दुसरा. बुलढाणा-चिखलीकडे थंडी चांगली पडते, तिथे ‘पीस’सारखं बशीएवढं पिवळं-गुलाबी फूल डिसेंबरात बघत राहावं असं येतं. तेच घाटाखाली फेब्रुवारीनंतर फिकट पडतं आणि उमलता उमलता उलगडून जातं. गर्द काळपट लाल गुलाब तर घाटाखाली नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकळ्यांच्या कडा उन्हानं काळ्या होतात आणि फूल जळक्या कापडासारखं दिसतं. लालच हवा असेल तर ‘ग्लॅडिएटर’ लावा. महाराष्ट्रात हारवाल्यांच्या आणि फुलवाल्यांच्या शेतात ही जात वर्षानुवर्षं उगाच टिकली नाही. पिवळ्यांचं सौंदर्य खरं, पण पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके त्यांनाच आधी, आणि छाटणीनंतर शेंड्याकडून काडी वाळत येते ती पण बहुधा त्यांचीच. ते त्यांच्या रक्तात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या इराणी पिवळ्या गुलाबाचं रक्त आणून हा रंग मिळवला, त्याच्याबरोबर ही खोडही आली.

पांढऱ्यात ‘आइसबर्ग’. १९५८ ची ही जर्मन जात म्हणजे गरीब गाय आहे. फार मागत नाही, काटेही कमी, आणि वर्षभर घोस देते. गुलाबीत अर्थात ‘राणी’. आणि देशी वाणांकडे आपलं लक्ष जात नाही याचं मला नवल वाटतं. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. देशाला भाकरी-पोळी पुरवण्याच्या त्या कामातून सवड काढून त्यांनी गुलाबाचे कितीतरी नवे वाण तयार केले, गुलाबावर पुस्तक लिहिलं. ‘दिल्ली प्रिन्सेस’ १९६३ ची, ‘बंजारन’ १९६९ ची. दोन्ही फ्लोरिबंडा, दोन्ही इथल्या उन्हात जन्मलेल्या. विलायती नावाच्या झाडाला दोनशे रुपये मोजण्याआधी रोपवाटिकेत या मिळतात का ते विचारून बघावं.

पण जात कितीही चांगली असली तरी आमच्या बोअरच्या पाण्यापुढे तिचं काही चालत नाही. तिथे उपाय दोनच, कुंडी आणि पावसाचं पाणी. आमचे हे हिशेबाला पक्के. त्यांनी एका रविवारी कागदावर मांडून दिलं. दहा फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी मिळतं. चौदा इंची कुंडीतल्या गुलाबाला कडक उन्हाळ्यात रोज दोन-अडीच लिटर लागतं. मार्चपासून मृगापर्यंत शंभर दिवस धरले तर एका कुंडीला अडीचशे लिटर. म्हणजे हजार लिटरच्या टाकीवर चार गुलाब. पाचवा नाही! त्या दिवसापासून आमच्या घरात चारच गुलाब आहेत आणि कुणी कितीही मोह घातला तरी चारच राहतात. टाकीला झाकण घट्ट हवं, आत उजेड आणि डास दोन्ही जाता कामा नयेत. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं, त्यात पत्र्यावरची धूळ असते.

कुंडी मातीची किंवा सिमेंटची बरी. काळ्या प्लॅस्टिकची उन्हात तापून मुळं उकडते. जागा घराच्या पूर्वेची, सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल अशी. दुपारी दोननंतर भिंतीची सावली पडली तर सोन्याहून पिवळं. पाणी रोज तांब्याभर शिंपडू नये. द्यायचं तर खालच्या भोकातून थोडं वाहीपर्यंत द्यावं, म्हणजे साचलेलं मीठ धुऊन जातं. पावसाळ्यात कुंड्या आडोशाला न ठेवता उघड्यावर ठेवाव्यात. वरचा पाऊस फुकटात माती धुऊन देतो.

घरातल्या इतर पाण्याचं काय, असं तुम्ही विचारालच. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी नळाच्या गोड पाण्याचं असेल तर जरूर घाला. डाळ शिजवलेलं मिठाचं पाणी नको. कपड्यांचं साबणाचं नको. आणि दोन पाण्यांविषयी आमच्या गल्लीत फार गैरसमज आहे. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जाणारं पाणी बाहेर येतं, ते ‘एवढं पाणी फुकट जातं’ म्हणून कुंड्यांना घालतात. अहो, पिण्याच्या पाण्यातून काढलेलं सगळं मीठ त्यातच असतं! त्यानं फरशी पुसा. दुसरं कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी. दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ते बोअरच्या पाण्याहून खारट. त्याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाफेचं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी नळीखाली बादली ठेवावी. आमच्याकडे नाही.

अंड्याच्या टरफलांचंही तेच. ‘गुलाबाला टरफलं घाला’ असं जो तो सांगतो. ती चुन्याची असतात आणि आपल्या जमिनीत चुना आधीच भरपूर. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे कुजलेलं खत भरपूर आणि शेणखतात मुरवलेलं चिमूटभर हिराकस उपयोगी पडतं. चहाचा चोथा चालेल, पण दूध-साखर धुऊन, नाहीतर मुंग्या लागतात. निंबोळी पेंडीची मूठ महिन्या-दोन महिन्यांनी घातली की आपल्याकडच्या वाळवीलाही थोडा आळा बसतो.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात. बाहेरच्या अंगाला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप. धारदार कात्री हवी. भाजीच्या विळीनं काडी चिरडते. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाण्यात; लोखंडी भांडं मात्र घेऊ नये. छाटलं की साधारण दीड महिन्यानं बहर. पोरीबाळींच्या लग्नाचे हार घरच्या फुलांचे करायचे असतील तर तारखेच्या मागे पन्नास दिवस मोजा. कोळी लागला, म्हणजे उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी दिसली, तर पाण्याचा फवारा पानांच्या खालच्या बाजूनं मारणं हे पहिलं औषध.

२०१७ च्या फेब्रुवारीत आई गेली. बाबा आधीच गेले होते. भाऊ पुण्याला, मी शेगावला. घर सांभाळणार कोण? जुलैत त्याचा फोन आला, “ताई, गिऱ्हाईक चांगलं आहे. पाडव्याला ताबा मागतायत.” मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. फोन ठेवल्यावर पहिलं आठवलं ते मोरीमागचं झाड. घर घेणारे तिथे पार्किंग करणार होते.

ऐन पावसाळा होता म्हणून बरं. काका म्हणाले, “काड्या लावून गावठी तुमच्याकडे जगत नाही हे वीस वर्षं पाहिलंत. आता खुंटावर डोळा भरा. चुनखडीच्या मातीला ‘इंडिका’चा खुंट घ्या, ‘मल्टिफ्लोरा’ पिवळा पडतो.” त्यांनीच पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या आणून दिल्या. अकरा लावल्या, नऊ फुटल्या. डिसेंबरात मी बुलढाण्याला जाऊन गावठीच्या नुकतंच फूल येऊन गेलेल्या फांद्या कापल्या, पानं काढून नुसते देठ ठेवले, ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन तासांत घरी आणल्या. काकांनी खुंटाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद दिला, डोळा आत सरकवून पट्टीनं घट्ट बांधला. पहिले तीन त्यांनी भरले, बाकीचे माझ्याकडून भरून घेतले. डोळा लागला की नाही हे कळायला एक सोपी खूण आहे. दोन-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावावं. तो चटकन गळून पडला तर डोळा जिवंत. सुकून चिकटून बसला तर गेला.

त्या तीन आठवड्यांत सासूबाई रोज सकाळी पूजेआधी कुंड्यांपाशी जाऊन उभ्या राहायच्या. बोट मात्र लावायच्या नाहीत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली, “सूनबाई, इकडं ये वं, देठ पडला पाय.”

नऊपैकी चार लागले. पाडव्याला भाऊ किल्ल्या द्यायला आला तेव्हा एक कुंडी त्याच्या गाडीत घालून दिली. ती पुण्याला गॅलरीत आहे. तिथलं पाणी गोड, त्यामुळे माझ्या झाडापेक्षा तीच अंगानं भरली आहे. एक खामगावच्या नणंदेकडे गेली. दोन माझ्याकडे राहिल्या, चारांच्या हिशेबात बसवून. त्यासाठी एक ‘आइसबर्ग’ शेजारणीला दिला. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही झाडांची मिळून एकच छोटी बरणी गुलकंद झाला, आईकडे तीन व्हायच्या.

या पावसाळ्यात पुन्हा खुंटाच्या बारा काड्या लावल्या आहेत, दहा फुटल्या. डिसेंबरात डोळे भरायचे आहेत. चिखलीच्या मावशीनं निरोप धाडला आहे की एक तिच्यासाठी ठेव, आणि कुंडी नको, नुसतं झाड दे. जमीन तिच्याकडे चांगली आहे.